दस्मानच्या बंगल्यातला नवा बॉयलर

दस्मान, कुवेत
२० जानेवारी १९६७

हजरत अशरफमामूंच्या सेवेत, भाचा आणि जावई (दोन्ही नात्यांनी धाकटाच) हुसेन याचा अदबीने सलाम पोहोचावा.

तुमची तब्येत कशी आहे? रात्रीचा खोकला कमी झाला का? मामींची कंबर, तांबडी बकरी, विहिरीचा रहाट, सगळ्यांची खुशाली कळवावी. दाभोळला यंदा आंब्याला मोहोर चांगला आल्याचं ऐकलं. इकडे मी अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहे, आणि आज तर ठीकपेक्षा बराच वर आहे. का ते सांगण्यासाठीच हे पत्र. कागद जास्त लागले तर रागावू नका, गोष्टच लांब आहे.

तुमचं मागचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंत की, झहूर गावी येऊन सांगून गेला की तुमचा जावई कुवेतात शेठच्या कोठीत तांदळाच्या गोण्यांवर झोपतो, तेव्हा डोक्यावर धड छप्पर होईपर्यंत रुकय्याला पाठवणार नाही. मामू, झहूर माझा दोस्त आहे, पण खोटं बोलतो. मी गोण्यांवर झोपत नाही, गोण्यांच्या मध्ये झोपतो. वर झोपलं तर तांदूळ चुरतो आणि शेठच्या घरचा हिशेब माझ्याकडे आहे. (बासमतीचा वास रात्रभर येतो, हे झहूरने सांगितलं नसेल.) तरी तुमचं म्हणणं बापाचं म्हणणं आहे, म्हणून मी उलट उत्तर लिहिलं नाही. लग्न झालं आणि मेंदी उतरायच्या आत मी बोटीत बसलो, त्याला आता दोन वर्षं होतील. मनात म्हटलं, हुसेन, उत्तर कागदावर नको, छपरानेच दे. ते छप्पर कसं मिळालं ते आता ऐका.

याकूब शेठचा बंगला दस्मानला समुद्राच्या बाजूला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तो बांधला कोणी, हे मी कधी लिहिलं नव्हतं. एका इंग्रज कप्तानाने बांधला, तेल निघायच्या आधीच्या दिवसांत. त्याला विलायतेसारखं घर हवं होतं, म्हणून त्याने खाली एका खोलीत बॉयलर बसवला, भिंतींतून पाइप फिरवले आणि खोल्याखोल्यांत रेडिएटर ठेवले. रेडिएटर म्हणजे लोखंडाच्या उभ्या फासळ्या एकमेकींना जोडून केलेलं धूड. आत गरम पाणी खेळतं आणि खोली उबदार होते. तुम्ही म्हणाल, कुवेतात हे कशाला, तिथे तर माणूस भाजून निघतो. मामू, उन्हाळ्यात निघतो. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटावरून जो वारा येतो तो थेट हाडांशी बोलतो. माझ्या गोण्यांनासुद्धा काटा येतो.

कप्तान गेला तेव्हा याकूब शेठच्या वडिलांनी बंगला घेतला, तो फक्त त्या रेडिएटरांसाठी. मोतीवाले व्यापारी ते, मुंबईत पेढी होती, आणि त्यांची बीबी, म्हणजे शेठची आई, तिथे वर्षानुवर्षं राहिलेली. सगळे तिला उम्म याकूब म्हणतात, म्हणजे याकूबची आई. ती मुंबईच्या हवेला सोकावलेली. इकडे परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेगडीच्या धुराने तिला इतका खोकला लागला की नवऱ्याने घाबरून हे घर शोधलं. आता तो नाही. ती आहे, तिचे गुडघे आहेत, आणि तिच्या खोलीतला रेडिएटर आहे. त्याला टेकून ती दिवसभर बसते. कॉफीची किटली त्यावर, मोजे त्यावर, नमाजाचा दुपट्टा त्यावर. माझ्याशी ती मुंबईच्या हिंदीतच बोलते, आणि अशी बोलते की मला भेंडीबाजारात उभं असल्यासारखं वाटतं.

तर रमजान लागला, थंडी वाढली, आणि बॉयलर मेला. मेला म्हणजे एकदम नाही. आधी काही दिवस कण्हला, मग पोटातून पाणी गाळू लागला, आणि एका सकाळी त्याच्या बुडाशी असं तळं साचलं की घरची मांजर काठावर बसून त्यात बघत होती. शेठ खाली आले, नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि म्हणाले, उपटून टाका. बॉयलर, पाइप, रेडिएटर, सगळं. विजेचे हीटर आणू. शेठ हिशेबाने बरोबरच होते. शहरात आता वीज अशी आहे की लोक दिवे विझवायला विसरतात. पण उम्म याकूबला वर हे कळलं आणि तिने निरोप पाठवला नाही, स्वतःच आली. गुडघे धरून, एकेक पायरी. मुलाशी अरबीत काय बोलली ते मी सांगत नाही, कारण ते आईचं बोलणं होतं. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "इसको कोई हाथ नहीं लगाएगा. यह मेरे शौहर ने दिया है."

शेठ गप्प. घरातले सगळे गप्प. आणि मामू, अशा वेळी मला गप्प बसता येत नाही हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हणालो, शेठ, बॉयलर नवा आणू, रेडिएटर आहेत तेच राहू देत, आणि काम माझ्यावर सोपवा. माझे मामू बोटीवर इंजिनखात्याचे सारंग होते. त्यांच्या हाताखाली मी बॉयलरच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस आहे. (हे खरंच आहे. तुम्ही मला भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला म्हणून नेलंत, आणि एडनच्या अलीकडेच मला भोवळ येऊन मी कोळशावर पडलो, म्हणून पुढचा सगळा प्रवास भंडाऱ्याकडे कांदे सोलत काढला. पण उभा राहिलो होतो हे खोटं नाही. शेठनी किती वेळ ते विचारलं नाही.) शेठनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ईदपर्यंत घर गरम झालं तर अंगणामागच्या दोन खोल्या तुझ्या. बायकोला बोलव, तिच्या कागदांचं मी बघतो. नाही झालं तर ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळं भंगारात जाईल."

दोन खोल्या, मामू. विटांच्या, वर सिमेंटचा स्लॅब. त्या दिवशी मी रोजा सोडताना खजूर खाल्ला की बी, ते मला आठवत नाही.

नवा बॉयलर शहरातल्या एका मोठ्या दुकानात मिळाला. हिरवा रंग, दाब दाखवणारं पितळी घड्याळ, डिझेलवर चालणारा, आणि जुन्याच्या निम्म्याने लहान. दुकानदाराने त्याच्याबरोबर एक लेबननी इंजिनियर पाठवला. शांत माणूस, मिशा बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्याने घरभर फिरून भिंतींना हात लावला आणि सांगितलं की बॉयलर उत्तम आहे, पण पाइप तीस वर्षांचे आहेत, त्यांनी जन्मभर दमादमाने पाणी सोसलं, हा नवा जोरात ढकलेल, पाइपही बदला. शेठ म्हणाले, रमजानात भिंती फोडून आईच्या खोलीत धूळ करणार नाही. मग त्यांनी मला विचारलं. मी एक चमचा घेतला, चार ठिकाणी पाइपवर वाजवला, कान लावला आणि सांगितलं, पाइप पक्के आहेत. (तुम्ही बोटीवर हातोडी वाजवून ऐकायचात, तसंच. फक्त तुम्हाला काय ऐकू यायचं ते मी कधी विचारलं नव्हतं.) इंजिनियरने खांदे उडवले आणि त्याच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

जुना बॉयलर बाहेर काढणं हे एक वेगळंच लग्नकार्य. कप्तानाने आधी बॉयलर ठेवून मग भोवती खोली बांधली होती की काय, दारातून तो येईना. शेवटी इराणी हमालांनी दाराची चौकट आणि एक बाजूची भिंत पाडली आणि दोरखंड लावून "या अली, या अली" करत त्याला अंगणात ओढला. उम्म याकूब गॅलरीत उभी राहून बघत होती. तो बाहेर आला तेव्हा तिने त्याला सलाम केला. हमालसुद्धा क्षणभर थांबले. तिथून पुढे त्याला नेणारा ट्रक मिळेना, म्हणून तो अंगणातच राहिला, आणि आता त्याच्या तोंडात कोंबडी अंडी घालते.

नवा बसला, पाणी भरलं, आणि शेठनी त्याच संध्याकाळी इफ्तारला चार प्रतिष्ठित लोक बोलावले. मी त्यांना सांगितलं होतं की आधी एकदा पेटवून बघू. पण शेठचाही अभिमान माझ्यासारखाच, त्याला धीर नाही. इफ्तार आटोपली, पाहुणे दिवानियात (म्हणजे पुरुषांची बैठक, गाद्या-लोड लावलेली) आले, मी खाली जाऊन बॉयलर पेटवला आणि वर येऊन दाराशी उभा राहिलो, हात बांधून, नवरदेवाच्या बापासारखा. पाच-दहा मिनिटांत रेडिएटरमधून गुळगुळ आवाज येऊ लागला. एक पोक्त व्यापारी, उंटाच्या लोकरीचा झगा घातलेले, सगळ्यांत मानाच्या जागी, रेडिएटरला पाठ लावून बसले होते. ते म्हणाले, वा याकूब, पाठ शेकली. आणि एवढं बोलून होतंय तोच रेडिएटरचं कोपऱ्यातलं बूच उडालं आणि काळ्या पाण्याची पिचकारी त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत गेली. काळं म्हणजे कसं, काजळात चिखल कालवावा तसं. ते उठले तर दुसऱ्या भिंतीच्या सांध्यातून फवारा सुरू. तिसरा जिन्यात. मी परात घेऊन एकीकडे, स्वयंपाकी पातेलं घेऊन दुसरीकडे, आणि मधोमध शेठ, गाद्या गुंडाळत. व्यापारी मोठ्या मनाचे निघाले. टपकणाऱ्या झग्यातच त्यांनी कॉफी संपवली आणि जाताना शेठना म्हणाले, घर गरम आहे यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला हाकच मारली नाही. हाक मारून रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यातच उम्म याकूबला ताप भरला. बॉयलर बंद, खोली गार, डॉक्टर आला, छाती भरल्याचं म्हणाला, विजेचा हीटर लावायला सांगितला. तिने तो लावू दिला, पण त्याच्याकडे पाठ करून झोपली. मी दुपारी तिच्या खोलीत रेडिएटरचं पाणी काढायला गेलो तेव्हा मला वाटलं ती झोपलीय. ती म्हणाली, "हुसेन, अब होगा या नहीं?" मी म्हणालो, होगा. ती म्हणाली, "झूठ मत बोल, रोजा है." मामू, त्या वेळी मला सारंगाचा भाचा असल्याचं काहीच वाटलं नाही. मी रेडिएटरपाशी बसलो आणि म्हटलं, माँजी, मला येत नाही, पण ज्यांना येतं त्यांना मी आणतो. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "तो जा ना फिर."

मी दोन ठिकाणी गेलो. आधी इंजिनियरकडे. त्याने मला बसवलं, रमजान म्हणून स्वतःचा चहाही बाजूला ठेवला (तो ख्रिश्चन आहे, त्याला गरज नव्हती), आणि मी चमच्याची गोष्ट काढायच्या आधीच म्हणाला, पाइप भिंतीतून काढायचेच नाहीत. ते तसेच मरू देत. नवे पाइप भिंतीच्या बाहेरून न्या, धूळ नाही, फोडाफोड नाही. मी विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, त्या दिवशी तुम्ही पाइपशी बोलत होता.

मग बस पकडून शहराबाहेर फिंतासला गेलो, सिराजकडे. सिराज आपला श्रीवर्धनचा, प्लंबरचं काम करतो, अंगाने रेड्यासारखा आणि बोलायला तसाच. त्याच्याशी माझं गेल्या ईदपासून बोलणं बंद होतं, कॅरमवरून. तो दारात उभा राहून म्हणाला, "हुसेनभाय, आज वाट चुकलास काय?" मी म्हटलं, चुकलो नाही, कामाला आलोय, एक म्हातारी आजारी आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही. पाने, हातोड्या, सांध्यांना लावायचा ताग आणि सफेदा, सगळं पिशवीत भरलं आणि माझ्याआधी बसमध्ये जाऊन बसला. कॅरमचं शहरात पोचेपर्यंत निघालं नाही. पोचल्यावर निघालं.

पुढचे दिवस आम्ही तिघे असे राबलो की शेठचे शेजारी बघायला येऊ लागले. एकेक रेडिएटर भिंतीवरून उतरवून अंगणात आणायचा (एकेका धुडाला सिराज आणि दोन हमाल लागत, मी वाट दाखवत असे), आडवा करायचा, आणि रबरी नळीने आतून धुवायचा. काय निघालं म्हणता. गाळ, गंज, मिठाचे खडे. सिराजने थेंबभर जिभेवर ठेवला, थुंकला आणि म्हणाला, "यात समुद्र भरला होता काय?" इंजिनियरने सांगितलं की कप्तानाच्या काळी इथे गोडं पाणी होड्यांतून बसऱ्याकडून यायचं, ते पिण्यालाच पुरायचं नाही, म्हणून त्याने अंगणातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी भरलं असणार. तीस वर्षं मीठ मुरलेलं लोखंड, मामू. आपल्याकडे याला लोणचं म्हणतात. (सिराजने रोजा असताना पाणी जिभेवर ठेवलं, यावर तो आणि स्वयंपाकी अर्धा दिवस भांडले. तो म्हणतो, थुंकलं ते गिळलं नाही.)

नवे पाइप भिंतींच्या बाहेरून, छताच्या खालून गेले. शेठ बघून म्हणाले, हे माझं घर आहे की आगबोट? हे वाक्य त्यांनी रागाने म्हटलं होतं, पण मला ते इतकं आवडलं की मी त्यांना वाकून सलाम केला. शेवटी पाइप थोडे कमी पडले, बाजारात त्या मापाचे ईदनंतर येणार होते, म्हणून एक फाटा तेवढा जोडायचा राहिला. बाकी सगळं जुळलं. या वेळी आम्ही आधी थंड पाणी भरून एक अख्खा दिवस थांबलो. इंजिनियर एकेका सांध्याला कोरडा कागद लावून बघत होता. कागद कोरडेच राहिले.

ईदच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, बॉयलर पेटवला. पाहुणे नाहीत, कोणी नाही. मी सरळ उम्म याकूबच्या खोलीत गेलो. ताप उतरला होता, पण ती खुर्चीत शालीच्या गाठोड्यासारखी बसलेली. शेठ तिच्या बाजूला, घड्याळ बघत. रेडिएटरमध्ये पाणी आल्याचा आवाज झाला आणि शेठ चटकन खुर्ची मागे ओढायला उठले, दिवानियातला प्रसंग आठवून. ती म्हणाली, बस. मग तिने हात पुढे करून लोखंडावर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला, पूर्ण तळवा. मग मुलाशी अरबीत काहीतरी बोलली आणि शेठ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला नंतर त्यांनीच सांगितलं. ती म्हणाली होती, तुझा बाप असाच, काम झालं की बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायचा.

त्यावर शेठनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. अंगणामागच्या खोल्यांची. रुकय्याच्या प्रवेशाचे कागदही झाले, ते वेगळ्या पाकिटात रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. ईदच्या नमाजला मी सिराज आणि शेठ यांच्या मध्ये उभा होतो. नमाजनंतर तेच झगावाले व्यापारी (नवा झगा) गळाभेटीला आले आणि शेठ त्यांना म्हणाले, हा हुसेन, याच्या मामूंनी अख्खी आगबोट चालवली आहे. मी खाली बघितलं. पण मामू, मान खाली असली तरी आतून ती मिनारासारखी ताठ होती, आणि त्यातली निम्मी उंची तुमची होती.

खोल्यांचं वर्णन: भिंती पांढऱ्या, फरशी लाल, नळ घरात, मोरी वेगळी, खिडकी एक. स्टुलावर उभं राहिलं तर समुद्र दिसतो. झहूरला हे अवश्य सांगावं. तेव्हा तुमची अट पुरी झाली. मुंबईहून पुढच्या बोटीने, चांगली सोबत बघून, रुकय्याला पाठवावं एवढीच अर्जी. आणखी मला काही नको.

मामींना सलाम. तुमची दुवा असू द्यावी, तिच्यावरच इथलं सगळं पाणी गरम राहतं.

तुमचा आज्ञेतला,
हुसेन

ता. क. – आणखी काही नको असं वर लिहिलं ते शोभेसाठी. मामींच्या हातच्या जाड गोधड्या दोन पाठवाव्यात, जुन्या लुगड्यांच्या नव्हेत, लोकरी काठाच्या. कारण असं की, जो फाटा जोडायचा राहिला तो अंगणामागच्या खोल्यांचा. पाइप एकाच ठिकाणी पुरत होता, म्हातारीची खोली किंवा आमच्या. इंजिनियरने विचारलं कुठे नेऊ, मी वर बोट दाखवलं. शेठना वाटतं तो चुकून राहिला. त्यांना तसंच वाटू द्यायचं आहे. पुढच्या हिवाळ्याआधी जोडून घेईन. सध्या सकाळी माठातलं पाणी आणि मी सारखेच असतो.

ता. क. दुसरा – रुकय्याला गारठ्याचं बोटीत बसेपर्यंत सांगू नये. तिला दाभोळच्या हवेची सवय. गोधड्या का, असं विचारलं तर बोटीवर वारा असतो म्हणावं.

ता. क. तिसरा – आता पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की तुमचा चष्मा फुटल्यापासून माझी पत्रं तुम्हाला रुकय्याच वाचून दाखवते. तर रुकय्या, तू इथवर आली असशीलच. यापुढचं मोठ्याने वाचू नकोस, मामूंना सांग पत्र संपलं. दोन गोधड्यांचं मी लिहिलं खरं, पण बोटीत उगाच ओझं होईल. एकच आण. मोठी बघून आण.